वाईटपणा कुणी घ्यायचा? : महागाई आणि अमेरिकेतले दोन पक्ष

अमेरिकेतल्या दोन मोठ्या पक्षांचे आता कशावरच जमत नाही, हे इतक्यांदा कानावर येते की ते तपासून पाहायचे राहूनच जाते. बंदुका, गर्भपात, स्थलांतर, न्यायाधीशांच्या नेमणुका यांच्या बाबतीत ते खरेही आहे. महागाईचे दप्तर उघडले की मात्र वेगळेच दिसते. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट यांनी महागाईच्या नावाखाली मिळून केलेल्या गोष्टींची यादी चांगलीच लांब आहे. लोकांच्या खात्यात पैसे टाकायचे असले की एकमत होते. एखाद्या उद्योगाला परदेशी मालापासून वाचवायचे असले की होते. पेट्रोलवरचा कर दोन-चार महिने माफ करायचा असला की राज्याराज्यांत होते. महागाई खरोखर खाली आणायची तर कुणाच्या तरी मिळकतीला, नोकरीला किंवा कर्जाला हात लावावा लागतो. तिथे दोन्ही पक्ष एकमेकांकडे पाहतात आणि मग दोघेही फेडरल रिझर्व्हकडे, म्हणजे त्यांच्या मध्यवर्ती बँकेकडे बोट दाखवतात. वाईटपणा घेण्याचे काम असे बाहेर देऊन टाकणे, हाच माझ्या मते या विषयावरचा दोन पक्षांमधला सगळ्यात पक्का आणि सगळ्यात कमी बोलला गेलेला करार आहे.

सुरुवात 1970पासून करू. महागाई सहा टक्क्यांच्या आसपास गेली होती, व्हिएतनामचे युद्ध चालू होते आणि अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना किंमत नियंत्रणाचा मनस्वी तिटकारा होता. दुसऱ्या महायुद्धात तरुण वकील म्हणून ते वॉशिंग्टनच्या किंमत नियंत्रण कार्यालयात टायरच्या रेशनिंगचे काम पाहत. त्या अनुभवाने ते कायमचे विटले होते. डेमोक्रॅटांचे बहुमत असलेल्या काँग्रेसने हे ओळखून ऑगस्ट 1970मध्ये एक कायदा केला आणि वेतन-किमती गोठवण्याचा अधिकार अध्यक्षांच्या हाती दिला. हिशेब सोपा होता. निक्सन तो अधिकार वापरणार नाहीत, महागाई चालू राहील आणि हातात हत्यार असून हा माणूस काही करत नाही असे म्हणता येईल.

निक्सन यांनी हत्यार वापरले. 15 ऑगस्ट 1971 रोजी, रविवारी संध्याकाळी, त्यांनी दूरचित्रवाणीवरून 90 दिवसांसाठी वेतन आणि किमती गोठवल्या, आयातीवर दहा टक्के अधिभार लावला आणि डॉलरचा सोन्याशी असलेला संबंध तोडला. त्यांचे अर्थमंत्री जॉन कॉनली त्या वेळी डेमोक्रॅट होते, हेही लक्षात घ्यावे. सोमवारी डाउ जोन्स निर्देशांक 32 अंकांहून अधिक वर गेला, तो त्या काळचा विक्रम होता. लोक खूश, बाजार खूश आणि विरोधकांना बोलायला जागा नाही, कारण कायदा त्यांचाच. पुढच्या वर्षी निक्सन 49 राज्ये जिंकून निवडून आले.

किमती गोठवल्याने काय होते, ते 1973च्या उन्हाळ्यात उघड झाले. जूनमध्ये निक्सन यांनी पुन्हा 60 दिवस किमती गोठवल्या. गोठवल्या त्या दुकानातल्या. शेतातून थेट येणाऱ्या धान्याच्या किमती मोकळ्या राहिल्या आणि त्या वर्षी धान्य भडकलेले होते. कोंबडी पाळणाऱ्याला खाद्य रोज महाग मिळत होते आणि कोंबडीचा भाव मात्र बांधलेला. पिल्लू वाढवण्यापेक्षा मारून टाकणे स्वस्त पडू लागले. टेक्ससमधल्या एका हॅचरीत हजारो पिल्ले पिंपात बुडवून मारली गेली आणि ती दृश्ये देशभर घराघरांत दिसली. गोमांसाचा भाव बांधल्यामुळे गुरांचे मालक जनावरे विकायला काढेनात आणि खाटकांची दुकाने रिकामी पडली. एप्रिल 1974मध्ये नियंत्रणे संपली तेव्हा दाबून ठेवलेले भाव उसळले. त्यात अरब देशांच्या तेलबंदीची भर पडलेलीच होती. त्या वर्षाअखेर महागाई 12 टक्क्यांच्या वर होती.

याच काळातला दुसरा एक निर्णय कमी आठवला जातो, पण त्याचे वजन मोठे आहे. 1 जुलै 1972 रोजी निक्सन यांनी सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनाच्या रकमेत एकदम 20 टक्के वाढ करणाऱ्या कायद्यावर सही केली. शिवाय 1975पासून ते महागाई निर्देशांकाला आपोआप जोडले जाईल अशी तरतूद त्यात होती. आपल्याकडच्या सरकारी नोकराला महागाई भत्ता जसा मिळतो, तसेच हे. वाढ डेमोक्रॅटांनी सुचवली, निक्सन यांना ती जास्त वाटत होती, पण वाढीव धनादेश ऑक्टोबरमध्ये, मतदानाच्या तोंडावर घरोघरी पोहोचले तेव्हा श्रेय घ्यायला दोन्ही पक्ष हजर होते. घाईत केलेल्या सूत्रात महागाई दोनदा मोजली जाईल असा घोळ राहिला आणि तो निस्तरायला 1977 उजाडले. जोडणी मात्र आजतागायत चालू आहे. 2022च्या महागाईनंतर 2023च्या जानेवारीपासून अमेरिकी पेन्शनरांना 8.7 टक्के वाढ मिळाली आणि त्यासाठी कुणालाही सभागृहात हात वर करावा लागला नाही.

निक्सन यांच्या जागी आलेल्या जेराल्ड फोर्ड यांनी 8 ऑक्टोबर 1974 रोजी काँग्रेससमोर भाषण केले, कोटावर 'विन' असे लिहिलेला बिल्ला लावून. महागाईला आत्ताच झोडपा, असा त्याचा अर्थ. ताटात अन्न टाकू नका, परसात भाजी लावा, काटकसरीच्या याद्या करा, असे त्यांनी लोकांना सांगितले. या बिल्ल्याची इतकी टिंगल झाली की त्याच भाषणातली एक गंभीर गोष्ट झाकली गेली. फोर्ड यांनी कंपन्यांवर आणि वरच्या उत्पन्नगटावर पाच टक्के जादा कर मागितला होता. निवडणूक महिन्यावर असताना रिपब्लिकन अध्यक्ष करवाढ मागतो, हे आज अशक्य वाटेल. त्यांच्या पक्षाने ती उचलली नाही आणि विरोधकांनीही नाही. काही महिन्यांत मंदी इतकी वाढली की फोर्ड यांनीच उलट करकपात मागितली आणि मार्च 1975मध्ये ती झालीही. करकपातीला बहुमत मिळवायला कुणाला वेळ लागला नाही.

सत्तरच्या दशकातले एक एकमत खरोखर कौतुकास्पद होते. विमान कंपन्यांनी कोणत्या मार्गावर उडायचे आणि तिकीट कितीला विकायचे, हे तेव्हा सरकारी मंडळ ठरवत असे. मालट्रकचे दरही असेच बांधलेले होते. कित्येक ट्रकना एका बाजूने माल नेऊन परत रिकामे यावे लागे, कारण परवाना तेवढाच. डेमोक्रॅट सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी चौकशी लावली, फोर्ड यांनी पाठिंबा दिला आणि पुढचे डेमोक्रॅट अध्यक्ष जिमी कार्टर यांनी 1978मध्ये विमान वाहतूक, 1980मध्ये ट्रक आणि रेल्वे मोकळी केली. कंपन्या आणि ट्रकचालकांची बलाढ्य संघटना दोघेही विरोधात होते. कार्टर यांचे महागाई सल्लागार आल्फ्रेड कान यांनी हे काम रेटले. हे गृहस्थ स्पष्टवक्ते होते. महामंदीचा धोका आहे असे बोलून बसले तेव्हा वरून दटावणी आली. मग त्यांनी 'मंदी'ऐवजी 'केळे' म्हणायला सुरुवात केली, तेव्हा केळ्यांच्या कंपनीने तक्रार केली. त्यांनी दुसरे फळ निवडले! या सुधारणांनी वाहतूक वर्षानुवर्षे स्वस्त होत गेली, पण चालू महागाईच्या आकड्यावर त्यांचा परिणाम नगण्य होता. म्हणून निवडणुकीत त्यांचा फायदा कुणालाच झाला नाही.

ऑगस्ट 1979मध्ये कार्टर यांनी पॉल व्होल्कर यांना फेडच्या अध्यक्षपदी बसवले. 6 ऑक्टोबरच्या शनिवारी संध्याकाळी व्होल्कर यांनी जाहीर केले की यापुढे फेड चलनाच्या पुरवठ्यावर लगाम ठेवेल आणि व्याजदर जातील तिकडे जाऊ देईल. ते गेले 20 टक्क्यांच्या घरात. ऑक्टोबर 1981मध्ये तीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर साडेअठरा टक्क्यांच्या वर होता. घरे बांधणाऱ्यांनी न खपलेल्या लाकडाचे तुकडे कापून, त्यावर मजकूर लिहून ते टपालाने फेडला पाठवले. मोटारविक्रेत्यांनी पडून राहिलेल्या गाड्यांच्या किल्ल्या पाठवल्या. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन फेडच्या इमारतीसमोर आले. टेक्ससचे डेमोक्रॅट हेन्री गोन्झालेझ यांनी व्होल्कर यांच्यावर महाभियोगाची मागणी केली आणि कार्टर यांच्यानंतर आलेल्या रिपब्लिकन रेगन सरकारचे अर्थमंत्रीही फेडवर जाहीर टीका करत. 1982च्या अखेरीस बेरोजगारी 10.8 टक्के झाली. 1980मध्ये साडेतेरा टक्के असलेली वार्षिक महागाई 1983मध्ये 3.2 टक्क्यांवर आली.

या सगळ्यात काँग्रेसने काय केले? आरडाओरडा भरपूर केला, पण फेडचे अधिकार काढून घेणारा एकही कायदा केला नाही. तो करणे तिच्या हातात होते, कारण फेड हे काँग्रेसच्या कायद्याचे अपत्य आहे. शिव्या द्यायला एक जागा हवी होती आणि काम करून घ्यायलाही तीच जागा हवी होती. कार्टर यांनी व्होल्करना नेमले आणि 1980ची निवडणूक हरले. रेगन यांच्या पक्षाने 1982च्या मध्यावधीत प्रतिनिधिगृहातल्या 26 जागा गमावल्या. तरीही 1983मध्ये रेगन यांनी व्होल्कर यांना पुन्हा नेमले आणि सिनेटमध्ये दोन्ही पक्षांनी मोठ्या बहुमताने त्यांना मान्यता दिली. दोन पक्षांच्या दोन अध्यक्षांनी एकाच माणसाला पुढे केले, हा धडा पुढच्या चाळीस वर्षांच्या राजकारण्यांनी नीट गिरवला.

वाईटपणा दोघांनी वाटून घेतल्याचे एकच ठळक उदाहरण त्या काळात सापडते. महागाई भत्त्याच्या ओझ्याने सोशल सिक्युरिटीचा निधी 1983मध्ये रिकामा होण्याच्या बेतात होता. अॅलन ग्रीनस्पॅन यांच्या अध्यक्षतेखाली दोन्ही पक्षांचा आयोग नेमला गेला. शेवटचा सौदा रेगन आणि डेमोक्रॅट सभापती टिप ओनील यांच्या माणसांनी बंद दाराआड केला. भत्तावाढ सहा महिने पुढे ढकलली, निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने 67 करायचे ठरले आणि ठरावीक उत्पन्नाच्या वरच्या पेन्शनरांच्या रकमेवर पहिल्यांदा कर बसला. ती मर्यादा एकट्या व्यक्तीसाठी 25,000 आणि जोडप्यासाठी 32,000 डॉलर होती. यातली खरी चलाखी अशी की पेन्शन महागाईशी जोडलेले होते, पण ही मर्यादा जोडलेली नव्हती. तेव्हा दहांतल्या एखाद्या पेन्शनरालाही तो कर भरावा लागत नव्हता. आज मर्यादा तीच आहे आणि जवळजवळ निम्मे त्यात येतात. हे दरवर्षी वाढणारे दुखणे कुठल्याही एका मतदानात दिसत नाही. मला तर हा अमेरिकी तडजोडीचा सर्वोत्तम नमुना वाटतो. दोघांनी मिळून वाईटपणा घेतला खरा, पण त्यातला मोठा हिस्सा महागाईच्याच गळ्यात टाकला.

यानंतर जवळजवळ चार दशके प्रश्न झोपलेला होता. मध्ये 2008च्या उन्हाळ्यात पेट्रोल चार डॉलर गॅलन झाले तेवढा अपवाद. त्या प्रचारात रिपब्लिकन जॉन मॅकेन आणि डेमोक्रॅट हिलरी क्लिंटन दोघांनीही उन्हाळ्यापुरता केंद्रीय पेट्रोलकर माफ करा म्हटले. बराक ओबामा यांनी ही धूळफेक आहे असे सांगितले. हे उदाहरण ध्यानात ठेवावे, लगेच लागेल.

मार्च 2020. करोनाने अर्थव्यवस्था बंद पडली आणि सिनेटने 2.2 लाख कोटी डॉलरचा मदत कायदा 96 विरुद्ध 0 मतांनी मंजूर केला. प्रत्येकी 1,200 डॉलरचे धनादेश निघाले आणि त्यावर डोनाल्ड ट्रम्प यांचे नाव छापले गेले. डिसेंबरमध्ये आणखी 90 हजार कोटी डॉलर आणि माणशी 600 डॉलर मंजूर झाले. ट्रम्प म्हणाले 600 कमी आहेत, 2,000 द्या. ही मागणी डेमोक्रॅटांनी झेलली, जॉर्जियातल्या दोन सिनेट जागा तिच्यावरच लढवल्या आणि जिंकल्या. मग मार्च 2021मध्ये नवे अध्यक्ष बायडेन यांचा 1.9 लाख कोटींचा कायदा झाला. त्याला एकाही रिपब्लिकनचे मत मिळाले नाही. पण त्यातले 1,400 डॉलर म्हणजे ट्रम्प यांच्या 2,000मधली उरलेली रक्कमच होती. पद सोडताना, डिसेंबर 2024मध्ये, बायडेन यांनी जाहीरपणे खंत व्यक्त केली की धनादेशांवर आपले नाव घातले नाही हा मूर्खपणा झाला.

जून 2022मध्ये महागाई 9.1 टक्क्यांवर गेली, 1981नंतरची सर्वाधिक. हे पाप कुणाचे, यावर अजून भांडण चालते. सॅन फ्रान्सिस्को फेडच्या अभ्यासकांच्या अंदाजानुसार 2021च्या अखेरच्या महागाईत सुमारे तीन टक्केबिंदूंचा वाटा अमेरिकेच्या उदार मदतीचा होता. दुसरीकडे अर्थशास्त्रज्ञ बेन बर्नान्की आणि ऑलिव्हिए ब्लांशार यांच्या मांडणीत सुरुवातीचा मोठा वाटा तेल, अन्न आणि टंचाईचा होता आणि नोकरबाजाराची गरमी नंतर चढली. ब्रिटनमध्येही ऑक्टोबर 2022मध्ये महागाई अकरा टक्क्यांच्या वर होती आणि तिथल्या घरात बायडेन यांचा धनादेश गेला नव्हता. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. रिपब्लिकन प्रचारात मात्र महागाई मार्च 2021मध्ये जन्मली आणि डेमोक्रॅट प्रचारात पुतिन आणि नफेखोर कंपन्यांनी ती आणली. 96 विरुद्ध 0चा उल्लेख दोन्हीकडे नाही.

मग राज्यांनी काय केले? मार्च 2022मध्ये मेरिलँडने सगळ्यांत आधी पेट्रोलकर महिनाभर माफ केला. तिथे गव्हर्नर रिपब्लिकन, विधिमंडळ डेमोक्रॅट. त्याच सुमारास रिपब्लिकन जॉर्जियाने तेच केले, पाठोपाठ डेमोक्रॅट कनेटिकट आणि न्यूयॉर्कने आणि ऑक्टोबरमध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, फ्लोरिडाने. शिवाय रोख परतावे वाटले. कॅलिफोर्नियाने उत्पन्नानुसार 1,050 डॉलरपर्यंत, कोलोरॅडोने माणशी 750, व्हर्जिनिया आणि जॉर्जियाने माणशी अडीचशे. महागाईने राज्यांच्या तिजोऱ्या फुगल्या होत्या आणि तो पैसा महागाईवरचा उतारा म्हणून बाजारात परत आला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरे काय. जूनमध्ये बायडेन यांनीही केंद्रीय पेट्रोलकर तीन महिने माफ करा अशी विनंती काँग्रेसला केली. 1993पासून तो गॅलनमागे 18.4 सेंट आहे, म्हणजे पंधरा गॅलनच्या टाकीमागे पावणेतीन डॉलर. 2008मध्ये याला धूळफेक म्हणणाऱ्या ओबामांचे बायडेन हे उपाध्यक्ष. काँग्रेसने विनंती बाजूला ठेवली. उन्हाळा संपेपर्यंत पेट्रोल बाजाराच्या चालीनेच उतरले.

एकमताचे सगळे गुणदोष एकाच ठिकाणी पाहायचे असतील तर बाळांच्या दूधपावडरचे प्रकरण पाहावे. फेब्रुवारी 2022मध्ये मिशिगनमधल्या स्टर्जिस गावचा मोठा कारखाना जंतुसंसर्गाच्या संशयावरून बंद झाला आणि काही आठवड्यांत देशभरच्या दुकानांतले कप्पे रिकामे झाले. आया गाडी काढून गावोगावची दुकाने पालथी घालू लागल्या. एक कारखाना बंद पडल्याने एवढा हाहाकार का व्हावा? या बाजारातला जवळजवळ सगळा माल तीन-चार कंपन्यांचा. गरीब मातांसाठीच्या सरकारी योजनेत प्रत्येक राज्य एकाच कंपनीशी करार करते आणि देशातल्या पावडरीचा जवळपास निम्मा खप या योजनेतून होतो. युरोपातली पावडर लेबलच्या नियमांत अडकते आणि ती सुटली तरी साडेसतरा टक्के आयातशुल्क लागते. मे महिन्यात काँग्रेसने जवळजवळ एकमताने योजनेचे नियम सैल केले. जुलैमध्ये तशाच एकमताने आयातशुल्क माफ केले, पण फक्त 31 डिसेंबरपर्यंत. दूध उत्पादकांच्या संघटनेचा मुदतवाढीला विरोध होता आणि 2023 उजाडताच शुल्क परत लागू झाले. तेही कुणी फारसा वाद न घालता. माफीचे एकमत जेवढे पक्के, तेवढेच ती मागे घेण्याचेही.

पावडरीत जे दिसले तेच मोठ्या प्रमाणावर सगळ्या आयातशुल्कांत दिसते. ट्रम्प यांनी 2018मध्ये कपडे धुण्याच्या यंत्रांवर शुल्क लावले, तेव्हा यंत्रे सुमारे 12 टक्क्यांनी महागली आणि जोडीने विकली जाणारी, शुल्क नसलेली वाळवणयंत्रेही तेवढीच महागली, असे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. चीनच्या मालावरचे शुल्क काढले तर महागाईला थोडा उतार पडेल, असे 2022मध्ये बायडेन यांच्याच अर्थमंत्री जॅनेट येलेन सुचवत होत्या. महागाई नऊ टक्के असताना, हातात असलेला हा उपाय बायडेन यांनी केला नाही. उलट मे 2024मध्ये चिनी विजेरी मोटारींवरचे शुल्क 100 टक्के केले. एप्रिल 2025मध्ये ट्रम्प यांनी जवळजवळ सगळ्या जगावर शुल्क लावले. कॅनडावरच्या शुल्काविरुद्धच्या सिनेटमधल्या ठरावाला चार रिपब्लिकनांनी मत दिले, एवढीच कुजबुज झाली. नोव्हेंबरमध्ये मात्र ट्रम्प सरकारने कॉफी, केळी आणि गोमांस यांना त्या शुल्कातून सूट दिली. शुल्काने भाव वाढत नाहीत असे सांगणाऱ्यांनी भाव उतरवायला शुल्क काढले!

आकडा खाली आणण्याचे काम या वेळीही फेडकडेच गेले. फेडचे तेव्हाचे अध्यक्ष जेरोम पॉवेल यांची कारकीर्द म्हणजे द्विपक्षीयतेचे चालते उदाहरण आहे. ते स्वतः रिपब्लिकन, फेडच्या मंडळावर आणले ओबामांनी, अध्यक्ष केले ट्रम्प यांनी आणि पुन्हा नेमले बायडेन यांनी. 12 मे 2022 रोजी सिनेटने 80 विरुद्ध 19 मतांनी त्यांना मान्यता दिली. त्याच महिन्याच्या अखेरीस बायडेन यांनी लेख लिहून सांगितले की महागाई आटोक्यात आणणे ही मुख्यतः फेडची जबाबदारी आहे आणि आपण तिच्या कामात ढवळाढवळ करणार नाही. वाक्य संस्थेच्या सन्मानाचे आहे आणि हात झटकण्याचेही. मार्च 2022मध्ये शून्याच्या जवळ असलेला व्याजदर जुलै 2023मध्ये सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. ऑगस्ट 2022च्या कायद्याला 'महागाई घट कायदा' असे नाव दिले होते, पण काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कार्यालयाच्या मते त्याचा महागाईवरचा परिणाम नगण्य होता. पुढे बायडेन यांनीही ते नाव नको होते असे कबूल केले.

फेडचे दर वाढले की त्याची झळ अमेरिकेपुरती राहत नाही. 2022च्या सुरुवातीला 75च्या आत असलेला डॉलर ऑक्टोबरपर्यंत 82-83 रुपयांवर गेला. वर्षाला 40 हजार डॉलर फी भरणाऱ्या पुण्या-नाशिकच्या विद्यार्थ्याच्या घरी तोच कोर्स एका वर्षात तीन लाखांनी महागला, कॉलेजने एक डॉलरही न वाढवता. न्यू जर्सीतल्या मराठी घरांना धक्का बसला तो दिल्लीहून. भारत सरकारने 20 जुलै 2023 रोजी आपल्या देशातली महागाई रोखायला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि अमेरिकेतल्या भारतीय किराणा दुकानांत सोना मसुरीच्या पोत्यांवर झुंबड उडाली. कित्येक दुकानांनी गिऱ्हाईकामागे एकच पोते असा फलक लावला. आपल्या मतदाराचे ताट स्वस्त ठेवायचे आणि त्याची किंमत दूरच्या गिऱ्हाइकाकडून वसूल करायची, ही कला फक्त वॉशिंग्टनची नाही.

लोकांना नेमके काय हवे असते, यावर हार्वर्डच्या स्टेफनी स्टॅंचेवा यांचे सर्वेक्षण वाचण्याजोगे आहे. पगार वाढला तर माणसे ते आपल्या कर्तबगारीचे फळ मानतात आणि भाव वाढले तर सरकारचे पाप. महागाई उतरवायला बेरोजगारी सोसावी लागते, हे बहुतेकांना पटत नाही. असा मतदार समोर असताना दोन्ही पक्ष जे करतात ते समजण्यासारखे आहे, क्षम्य असेलच असे नाही. जून 2024मध्ये ट्रम्प यांनी लास व्हेगासमध्ये टिपवरचा आयकर माफ करण्याचे आश्वासन दिले. ऑगस्टमध्ये त्याच शहरात डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस यांनी तेच दिले. पुढच्या मे महिन्यात सिनेटने त्याचे विधेयक एकमताने मंजूर केले आणि मंजुरीची विनंती करायला उभ्या राहिल्या त्या नेवाडाच्या डेमोक्रॅट सिनेटर. वेटरला सूट आणि त्याच पगारावर भांडी घासणाऱ्याला नाही, हा प्रश्न मागेच पडला.

2025मध्ये तर गोठवण्याची कल्पनाही परत आली, आणि दोन्ही अंगांनी. समाजवादी बर्नी सँडर्स आणि कट्टर रिपब्लिकन जॉश हॉली यांनी मिळून क्रेडिट कार्डाचे व्याज दहा टक्क्यांवर बांधण्याचे विधेयक आणले. मुळात ही कल्पना ट्रम्प यांनी प्रचारात मांडली होती. न्यू जर्सीत मिकी शेरिल यांनी विजेचे दर गोठवण्याच्या आश्वासनावर गव्हर्नरपद जिंकले. न्यूयॉर्कमध्ये झोहरान ममदानी यांनी घरभाडे गोठवण्याच्या आश्वासनावर महापौरपद जिंकले आणि काही दिवसांत त्यांचे व ट्रम्प यांचे व्हाइट हाउसमध्ये परवडण्याच्या विषयावर चक्क गोडीगुलाबीने बोलणे झाले. 1973च्या पिल्लांची आठवण दोघांपैकी कुणी काढल्याचे ऐकिवात नाही.

वाईटपणा घेणारी संस्था मात्र त्या वर्षी स्वतःच ओढाताणीत सापडली. व्याजदर पुरेसे उतरवत नाहीत म्हणून ट्रम्प यांनी 2025भर पॉवेल यांना जाहीरपणे धारेवर धरले आणि ऑगस्टमध्ये फेडच्या गव्हर्नर लिसा कुक यांना काढण्याचा आदेश काढला. तो वाद न्यायालयात गेला. रिपब्लिकनांपैकी थोडेच उघड बोलले. पॉवेल यांच्या बचावाला जोरात उभ्या राहिल्या त्या मॅसॅच्युसेट्सच्या डेमोक्रॅट सिनेटर एलिझाबेथ वॉरन. 2021मध्ये याच वॉरन यांनी पॉवेल यांना तोंडावर धोकादायक माणूस म्हटले होते आणि 2023च्या सुनावणीत, दरवाढीमुळे नोकरी जाणाऱ्या वीस लाख लोकांना काय सांगाल, असे त्यांना विचारले होते. एप्रिल 2025मध्ये त्यांनी बजावले की अध्यक्षांना पॉवेल यांना काढता आले तर बाजार कोसळतील. नियमन आणि व्याजदर या दोन्हींवरून आपले त्यांच्याशी नेहमी भांडण असते, हेही त्यांनी त्याच दमात सांगून टाकले.